तो दुपारी येतो

सोमवार, ४ तारीख, दुपार

ताई,

नमस्कार आलाच असं समजा, कारण दूधगाडी दारात उभी आहे आणि गाडीवाल्याला चहा पाजून कसंबसं थोपवून धरलंय.

छटाकला ताप आहे. शनिवारपासून नुसती किरकिर चालली होती. मला वाटलं दात येत असतील. पण ती सारखा डावा कान ओढते, आणि दूध प्यायला घेतली की दोन घोट घेऊन किंचाळते. आज दुकान उघडलं तसंच बंद केलं आणि तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी कानात उजेड टाकून पाहिलं. म्हणाल्या, आत पू धरायला लागलाय, जंतूंचा ताप आहे, अँटिबायोटिक आजच सुरू करायचं. तळाशी पांढरी पूड असलेली बाटली दिलीय. उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालायचं, हलवायचं, चमच्यानं पाजायचं.

पाणी उकळून गार होऊन बसलंय. बाटली समोर आहे. आणि माझा हात काही पुढे जात नाही.

छटाक झाली तेव्हा तुम्ही बघायला आला होतात. दारातच उभ्या राहिलात, हातात घेतलं नाहीत, आणि एवढंच म्हणालात की हिला दवाखान्यातलं औषध कधी देऊ नकोस. मी मान हलवली होती. बाळंतीण बाई कशालाही मान हलवते. पण आता ते बोलणं डोक्यातून जात नाही. तुमचं बाळ सुईनं गेलं, एवढंच मला माहीत आहे. त्यापुढचं या घरात कुणी बोलत नाही.

हे बाजारगावांतले तराजू तपासत फिरतायत, आठवडाभर येणार नाहीत. फोनवर सगळं सांगितलं तर म्हणाले, ‘ताईला विचार.’ आणि गप्प. तुमचा भाऊ गप्प बसला की आमच्या तराजू-वजनांच्या दुकानातला सगळ्यात जड बाट बरा, निदान तो उचलता तरी येतो. तुमच्याकडे फोन असता तर आत्ताच विचारलं असतं. पण फोनवर माणूस अर्धवट बोलतं म्हणता ना, म्हणून हे सगळं लिहितेय.

काय करू ते सांगा.

तुमची धाकटी


मंगळवार, ५ तारीख, सकाळ

धाकटे,

गाडीवाल्याला चहा पाजून लाडावू नकोस. इकडे येऊन तो माझ्याकडेही मागतो, आणि वर म्हणतो तुमच्या भावजयीचा चहा जास्त चांगला.

आधी ती बाटली उचल आणि लेकराच्या खोलीतून बाहेर काढ. फेक म्हटलं तरी तू फेकणार नाहीस, ओळखते मी तुला, पण निदान नजरेआड कर. मग लसूण ठेचून तेलात मंद आचेवर तळ, तेल गाळून कोमट होऊ दे, आणि दोन थेंब कानात सोड. कांदा भाजून फडक्यात बांध आणि कानामागं शेक दे. तू स्वतः आलं घालून पाणी पीत जा, दुधातून तिला उतरेल. इतकी वर्षं मी रोपं विकते, पण माझ्या फाटकाशी येणारी अर्धी माणसं रोपांसाठी येत नाहीत, पाल्यासाठी येतात. आजवर कुणी रडत परत आलेलं नाही.

आता एक सांगते, घाबरू नकोस. रविवारी भर दुपारी मी शेडमध्ये कलमं बांधत होते. कामाच्या बाया जेवायला गेल्या होत्या. हिरव्या जाळीखाली, रोपांच्या ओळीच्या टोकाशी, कण्हणं ऐकू आलं. तो आला होता. तो येतो हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, आणि माझ्यासमोर माना डोलावून माघारी काय बोलता तेही मला ठाऊक आहे. बोला बापडे. पण घरातल्या लेकराला काही व्हायचं असलं की तो दुपारी येतोच. तुझं पत्र यायच्या आधीच मी ओळखलं होतं.

माझं ऐक. मी एकदा दुसऱ्यांचं ऐकलं होतं.

ताई


गुरुवार, ७ तारीख, दुपार

ताई,

तुमच्या हाताला गुण आहे हो. मंगळवारी दोनदा तेल घातलं, शेक दिला, आणि काल सकाळी ताप उतरला. कानातून पिवळा पू वाहायला लागला आणि त्याबरोबर हिचं किंचाळणंही थांबलं. दुपारी तर खुदकन हसली. मी एकटीच घरभर नाचले. समोरचा शिंपी खिडकीतून बघत होता, बघू दे.

बाटली दुकानात वरच्या फळीवर ठेवलीय, सरकारी शिक्क्याच्या बाटांमागे. तिकडे कुणाचा हात जात नाही. डॉक्टरीणबाईंनी निरोप पाठवून विचारलं, औषध चालू आहे ना. मी हो म्हणून कळवलं. पहिल्यांदाच असं सपशेल खोटं बोलले, आणि ते इतकं सहज जमलं की माझी मलाच भीती वाटली.

एक गोष्ट तेवढी खटकते. आमच्याकडे रोज दुकान उघडलं की पहिलं वजन हिचं होतं. मोठ्या पितळी पारड्यात चादरीची घडी घालायची, तीत हिला ठेवायचं. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून यांनी हिचं नाव छटाक ठेवलं, आणि तेव्हापासून हा रिवाज. रोज थोडं तरी भरायचीच. या आठवड्यात मात्र रोज कमी भरतेय. हसते, पण घटतेय. तराजू मीच दोनदा जुळवून पाहिला, त्यात खोट नाही.

आणखी एक, तुम्हालाच सांगते. काल दुपारी हिला पुन्हा तोलून पाहिलं, पारड्यातून उचलून खांद्यावर घेतलं, पाठ वळवली, आणि मागे साखळी वाजली. वळून पाहिलं तर रिकामं पारडं खाली गेलेलं, कुणीतरी बसल्यासारखं. मग हळूहळू वर आलं. खिडकी बंद होती. वारा नव्हता. मी दुकानाला कुलूप लावून आत आले, आणि उगाचच सगळ्या खोल्यांतले दिवे लावले. भर दुपारी.

धाकटी


शुक्रवार, ८ तारीख, सकाळ

धाकटे,

जीव भांड्यात पडला बघ. पू वाहिला म्हणजे आतली घाण निघाली. तेल सोडू नकोस, चालू ठेव. आणि वजनाचं काय घेऊन बसलीस? आजारी लेकरू उतरतंच. लेकराला बाजारच्या कांद्यासारखं रोज तोलशील तर वेडी होशील.

पारडं खाली गेलं म्हणतेस? मग तो तुझ्याकडे आला असणार. दोन दिवस इकडे शेडमध्ये शुकशुकाट आहे. भिऊ नकोस गं, तो वाईट करायला येत नाही. बहीण बघायला आला असेल.

दिसलाच तर तोंडाकडे मात्र बघू नकोस. एवढं माझं ऐक. ओठ सुजून पार उलटलेले असतात. अंगभर लाल गांधी, पित्त उठल्यावर येतात तशा, एकीत एक मिसळलेल्या. गळ्यातून घरघर. गेला तसाच येतो तो. किती गोंडस होता म्हणून सांगू, माझ्या गळ्यातली काळी दोरी तोंडात धरून झोपायचा. पण तो चेहरा मला आठवतच नाही. डोळे मिटून आठवायला बसले तरी सुजलेला चेहराच पुढे येतो. फोटो एकच होता, तो त्याच्या वडिलांनी जाताना नेला.

असो. आज पेरूची कलमं गाडीत घालायचीत. तुला म्हणून एवढं लिहिलं, नवऱ्याला वाचून दाखवू नकोस.

ताई


शनिवार, ९ तारीख

ताई,

आज सकाळी डावा कान पुढे आलाय. कानामागं सूज आहे, लाल, हात लावला तर चटका बसतो. तापानं अंग फणफणलंय. रडत नाही. कालपर्यंत रडत होती, आज नुसती पडून आहे, माझ्याकडे बघते आणि मी कोण हे तिला कळत नाहीये असं वाटतं.

मी दवाखान्यात नेतेय. तुम्हाला विचारत नाहीये, सांगतेय. ही चिठ्ठी शिंप्याकडे ठेवून जाते, तो गाडीवाल्याला देईल.


रविवार, १० तारीख, सकाळ

धाकटे,

नेऊ नकोस. नेलं असशील तर परत आण.

रात्रभर डोळा लागला नाही. मी तुझ्या पाया पडते, वयानं मोठी असून पडते. तेलानं नाही झालं तर दुसरं बघू, माझ्याकडे अजून चार पाले आहेत, मी स्वतः घेऊन येते. लेकरू घरात असलं तर जाईल नाहीतर राहील, पण तुझ्या मांडीवर तरी असेल. तिथे ते सुई टोचतात आणि जेवायला जातात. धोंडोबाला विचार. माझा भाऊ आहे तो, त्यानं सगळं पाहिलंय. म्हणून तर त्याचा असा धोंडा झालाय.

काल दुपारी तो इकडे परत आला. पूर्वी कधी आला नव्हता इतका जवळ.

ताई


रविवार, १० तारीख, दुपार
मोठं हॉस्पिटल, मुलांचा वॉर्ड

ताई,

तुमची चिठ्ठी गाडीवाल्यानं इथे वॉर्डात आणून दिली. बिचारा आत येताना चपला हातात घेऊन आला. वाचली. चिडायला वेळ नाही म्हणून चिडत नाही.

काल काय झालं ते नीट सांगते. डॉक्टरीणबाईंनी हिला बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला. बाटली दिली नाही हे मी कबूल केलं. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, पू वाहिला तो कानाचा पडदा फुटून, आणि फुटक्या कानात तेल घालायचं नसतं. आता जंतू कानामागच्या हाडात उतरलेत. लगेच इंजेक्शन भरायला घेतलं, आणि माझा धीर सुटला. मी म्हटलं, आमच्या घरातलं एक बाळ सुईनं गेलंय हो, ते अजून येतं, सुजलेल्या ओठांनी, अंगभर गांधी घेऊन. नर्सनं हसू दाबायला तोंड फिरवलं. पण बाईंनी सुई खाली ठेवली.

‘परत सांगा,’ म्हणाल्या. ‘ओठ सुजले होते? सुई दिल्यावर किती वेळानं?’

मला काहीच सांगता आलं नाही. ताई, तुमच्याबद्दल आम्ही घरात किती बोललोय. कुणी म्हणतं धक्का बसलाय, कुणी म्हणतं डोक्यावर परिणाम. पण तेव्हा काय झालं हे एकानंही तुम्हाला विचारलेलं नाही. मीसुद्धा नाही. तुम्ही लिहिलेलं मी भूत म्हणून वाचलं आणि भ्याले. बाईंनी ते दुखणं म्हणून ऐकलं.

त्यांनी धोका नको म्हणून दुसऱ्याच जातीचं औषध दिलं आणि आम्हाला इथे पाठवलं. पण त्या औषधाला ताप दाद देत नाहीये. इथले म्हातारे डॉक्टर म्हणतात, पहिलंच इंजेक्शन हवं, या जंतूवर तेच चांगलं चालतं. असलं वावडं रक्तातून सरळ उतरत नाही, आणि छटाकला हे औषध आजवर कधी मिळालेलं नाही. तरी घरात असं झालेलं असेल तर ते डोळे मिटून देणार नाहीत, आधी थोडं टोचून बघतील, स्वतः शेजारी बसतील, उतारा भरून हाताशी ठेवतील. फक्त तुमच्या बाळाला नेमकं काय झालं ते त्यांना कळायला हवं.

आणि आज सकाळी हे आले. इंजेक्शनचं नाव ऐकलं आणि खाटेचा कठडा धरून उभे राहिले ते अजून तसेच उभे आहेत. नर्सला जवळ येऊ देत नाहीत. मी सही केलीय, यांनी केली नाही. मी रडले, भांडले, शेवटी म्हटलं तुम्हीच मारताय तिला. त्यावर एकच वाक्य बोलले.

‘ताई दे म्हणाली तर देऊ.’

यांना बाजूला सारून सुई देता येईल, डॉक्टर तयार आहेत. पण काही बरंवाईट झालं तर आमच्या घरातही कुणी कुणाशी बोलणार नाही. तुमच्या घरात झालं तसं. खरं सांगते, मलाही भीती वाटते. डॉक्टर म्हणतात उद्या दुपारपर्यंत थांबतो, त्यापुढे मी कुणाचं ऐकणार नाही.

म्हणून विचारते. तो आता कसा येतो ते नको. तेव्हा काय झालं ते लिहा. कशासाठी नेलं होतं, ती सुई त्याआधी कधी दिली होती का, दिल्यावर किती वेळानं काय दिसलं, पहिल्यांदा काय दिसलं. उद्या सकाळच्या गाडीनं पाठवा. गाडीवाला म्हणालाय, दुधाचे कॅन उतरवायच्या आधी इथे येईन.

धाकटी


सोमवार, ११ तारीख, पहाट

धाकटे,

तुझं पत्र संध्याकाळी आलं. तेव्हापासून हा कागद पुढ्यात आहे. लिहिते.

त्याच्या मांडीवर गळू झालं होतं. मोठं, आणि ताप. वर्षाचा होत आला होता, धरून उभा राहायचा. दवाखाना आमच्या गल्लीच्या तोंडाशीच होता. मी जायला तयार नव्हते असं नाही, मीच म्हटलं नेऊ या. धोंडोबा सुट्टीला माझ्याकडे आलेला, तोही सोबत आला.

त्याआधी एकदा सुई दिली होती. हो. पावसाळ्यात, घशासाठी, त्याच दवाखान्यात. त्या दिवशी संध्याकाळी त्याच्या पोटावर आणि मांड्यांवर लाल गांधी उठल्या होत्या. मी म्हटलं डास चावले. कंदील घेऊन मी सगळे कोपरे धुंडाळले होते डासांसाठी. सकाळी गांधी गेल्या. मी विसरून गेले. गळवाच्या वेळी मला कुणी विचारलं नाही की आधी कधी काही झालं होतं का. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

सुई दिली. तो रडला, मी त्याला खांद्यावर घेतलं. डॉक्टर म्हणाले उद्या दाखवा, आणि ते मागच्या दारानं जेवायला घरी गेले. मी पायरीपर्यंत आले. धोंडोबा माझ्या चपला सरळ करत होता. तेवढ्यात बाळ तोंड चोळायला लागला. पहिलं ते. दोन्ही मुठींनी ओठ चोळत होता. मला वाटलं झोप आली. धोंडोबा म्हणाला, ताई, याचा ओठ बघ. बघितलं तर खालचा ओठ फुगत होता, माझ्या डोळ्यांदेखत. मग कान लाल. मग मानेवर गांधी, त्या बघता बघता अंगभर. मग खोकला, मग आवाज बसला. रडत होता पण आवाज बाहेर येत नव्हता, नुसती घरघर. सगळं इतक्या लवकर झालं की माझी एक चप्पल अजून पायात गेलेली नव्हती.

मी आत धावले. कंपाउंडर एकटा होता. त्यानं पंखा लावला आणि पाणी शिंपडलं. धोंडोबाला डॉक्टरांकडे पिटाळलं. तो पळाला. डॉक्टर ताटावरून उठून आले, पण तोवर बाळ माझ्या मांडीवर निळा पडला होता. धोंडोबाला वाटतं तो हळू पळाला. मला कधी तसं म्हणाला नाही, पण मला माहीत आहे. त्याला सांग, हळू नव्हता पळाला.

त्याच्या वडिलांनी एवढंच विचारलं, ‘सुई टोचायला नेलं कुणी?’ पुढे दुसरं काही बोललेच नाहीत, काही दिवसांनी निघून गेले. मग मी सुईला धरलं. दुसरं कुणाला धरणार? औषधाची बाटली दिसली की माझ्या अंगाची आग व्हायची, आणि तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

एवढंच झालं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. सगळे म्हणत, नको आठवूस.

एक कळतंय मला. हे असं ओळीनं लिहून काढलं ना, तर तो राहायचा नाही. ओठ सुजले, गांधी आल्या, घरघर लागली. लिहिता लिहिताच दिसतंय की हे एक दुखणं होतं. त्याला नाव असणार, डॉक्टर सांगतील. मग दुपारी यायला कोण उरलं? म्हणून रात्रभर कागद कोरा ठेवला. म्हटलं, हे कोण म्हातारे डॉक्टर, त्यांच्यासाठी मी माझा मुलगा का देऊ?

पण छटाक निपचित पडलीय म्हणतेस.

धोंडोबाला पुढचं वाचून दाखव. मोठ्यानं वाच, त्याला ऐकू जाईल असं.

धोंड्या, मी तुझी ताई सांगते. दे. तेच औषध दे. तिच्या ओठांवर नजर ठेव, डॉक्टरला जागचा हलू देऊ नकोस, आणि दे.

गाडी आली.


बुधवार, २७ तारीख, दुपार

ताई,

आधी पत्र लिहायचं होतं पण हॉस्पिटलात हात मोकळा नव्हता आणि घरी आल्यावर हिनं उसंत दिली नाही. गाडीवाल्याकडून निरोप पोचलाच असेल. छटाक बरी आहे. परवा घरी आणली. आज सकाळी पारड्यात ठेवली तर साखळी धरून ओढत बसली, वजन काही घेऊ दिलं नाही. पण माझ्या हातालाच कळतंय, भरायला लागलीय.

त्या दिवशी तुमचं पत्र मी वाचून दाखवलं. शेवटच्या ओळी मोठ्यानं. ‘हळू नव्हता पळाला’ हेही मोठ्यानं वाचलं, तुम्ही नुसतं ‘सांग’ म्हणाला होतात तरी. यांनी कठडा सोडला. लग्न झाल्यापासून यांना रडताना मी पाहिलं नव्हतं. मग स्वतः नर्सला बोलावून आणलं. आधी हातावर टोचून पाहिलं, मग थोडं दिलं, मग पूर्ण. म्हातारे डॉक्टर स्टूल ओढून खाटेशी बसले होते. हे मात्र उभेच, वाकून, फक्त तिच्या ओठांकडे बघत. काही झालं नाही. काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. कानामागं छोटी चीर द्यावी लागली, ती भरतेय.

डॉक्टरांनी तुमचं पत्र उभ्यानं वाचायला घेतलं आणि मग खाली बसले. म्हणाले, हे त्या औषधाचं वावडं होतं. पहिल्या वेळच्या गांधी ही त्याची खूण होती, पण आईला ते कळणं शक्य नव्हतं. विचारायला हवं होतं ते देणाऱ्यानं. तुमचं त्यात काही चुकलं नाही, असं त्यांना सांगा, म्हणाले. दोनदा म्हणाले.

आता एक कडू गोष्ट. डाव्या बाजूनं टाळी वाजवली तर ही वळत नाही. डॉक्टर म्हणतात वर्षभरात थोडंफार परत येईल, कदाचित नाही येणार. वेळेवर औषध मिळालं असतं तर वाचलं असतं. ताई, मी तुम्हाला दोष देत नाही असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. थोडा देते. जास्त स्वतःला देते, कारण बाटली माझ्या समोर होती आणि पाणी गार झालं होतं. पण तुम्ही ते पत्र लिहिलं नसतं तर उजवा कानही नसता आणि डावाही नसता. हे सगळं एकदमच खरं आहे, त्याला मी काय करू.

हे म्हणतात ताईला घेऊन येऊ या, राहू दे महिनाभर. मीही म्हणते. या, आणि या वेळी दारात उभ्या राहू नका.

दुपारी तो येतो का अजून?

धाकटी


शुक्रवार, २९ तारीख

धाकटे,

दोष थोडा कशाला, पुरता दे. मला पेलेल. तिच्या डाव्या कानाशी बसून बोलत राहा, ऐकू येवो न येवो. उजव्या बाजूनं तर काय, जगच बोलेल.

येईन. ही कलमं बाजारात गेली की येईन, आणि आले की तिला तुझ्या हातातून हिसकावूनच घेईन. मग रडलीस तरी परत देणार नाही.

डॉक्टरांना नमस्कार सांग. दोनदा म्हणाले ते मी वीसदा वाचलं.

तू विचारलंस तो येतो का. नाही येत. ते पत्र गाडीवाल्याच्या हातात दिलं त्या दिवसापासून नाही. बाया जेवायला गेल्या की मी आता जेवायला जात नाही. शेडमध्ये जाऊन ओळीच्या टोकाशी बसते. पाणी ठिबकतं, जाळी हलते, बाकी काही नाही. तुम्हा सगळ्यांना वाटायचं तो येतो म्हणून मी वेडी झाले. अगं, तो यायचा म्हणून तर मी शाबूत होते.

मला पश्चात्ताप नाही. पुन्हा विचारशील तरी हेच लिहीन, दे म्हणून. छटाक जगली, यापेक्षा मोठं काही नाही, हे मी मनापासून म्हणते.

पण एकदा तरी यायला हवा होता गं तो. तसाच, सुजलेल्या ओठांनी आला असता तरी मी बघितलं असतं.

ताई